दुर्बीण मशीनगनची, रायफल शिपायाची: ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) चं प्रकरण

१९४२ च्या सप्टेंबरात लंडनमधल्या हॅरो रोडवरच्या एका कारखान्यात लष्कराच्या रायफली येऊ लागल्या. कारखाना हॉलंड अँड हॉलंड या पेढीचा. १८३५ पासूनचं नाव, दुनळी बंदुका आणि शिकारी रायफली हातानं घडवणारे कारागीर, आणि गिऱ्हाईक म्हणजे तिकडचे उमराव आणि आपल्याकडचे संस्थानिक. आता त्यांच्या बाकावर येत होती ली-एनफिल्ड नंबर ४: युद्धाच्या घाईत हजारोंनी निघणारी, हत्याराच्या खुणाही पुसायला कुणी थांबलेलं नाही अशी शिपायाची रायफल. दुसऱ्या खोक्यांतून दुर्बिणी येत होत्या, आणि त्या मुळात या रायफलीसाठी केलेल्याच नव्हत्या. दोघींची जोडी लावायची, तपासून घ्यायची आणि पुढे पाठवायची, हे काम. युद्ध संपेपर्यंत या पेढीनं अशा २३ हजारांहून जास्त जोड्या लावल्या.

या जोडीचं सरकारी नाव 'रायफल नंबर ४ मार्क १ (टी)'. टी म्हणजे टेलिस्कोप. दुसऱ्या महायुद्धातल्या स्नायपर रायफलींमध्ये संग्राहक जिच्यासाठी सर्वांत जास्त जीव टाकतात, त्यांतली ही एक.

मी टूलरूममधला माणूस. चिंचवडला तीस वर्षं जिग, फिक्श्चर आणि गेजेस केली. या रायफलीकडे मी वळलो तो तिच्या फिटिंगमुळे. माझं म्हणणं एवढंच आहे की ही रायफल कुणी कागदावर नव्यानं काढलेली नाही. ती ढिगातून निवडली आणि हातानं जुळवली. त्यामुळे तिच्यात रायफल आणि दुर्बीण अशा दोन वस्तू मोजायच्याच नाहीत. एकीचा नंबर दुसरीवर ठोकलेला आहे, तो तेवढ्यासाठीच.

आपली थ्री नॉट थ्री

एनसीसीत गेलेल्या माझ्या पिढीला ली-एनफिल्डची ओळख करून द्यावी लागत नाही. परेडसाठी हातात यायची ती थ्री नॉट थ्री. बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या, टोकाला पितळी पट्टी, पट्टीत अंगठ्याच्या नखानं उघडायचं छोटंसं झाकण, आत तेलाची कुपी आणि गुंडाळलेली फुलथ्रू. फुलथ्रूच्या फासात चिंधी अडकवायची, दोरीचं वजनाचं टोक नळीत सोडायचं आणि एका दमात ओढायचं. मग नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं की आटे वळत वळत पुढे गेलेले दिसायचे. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, पुढे ढकलताना शेवटच्या इंचात स्प्रिंगचा विरोध हाताला जाणवायचा. हा ली-एनफिल्डचा स्वभाव: बोल्ट उघडताना हलका, बंद करताना ताणला जाणारा. त्यामुळे काडतूस अडकलं तरी बोल्ट झटकन मागे येतो आणि सराव झालेला शिपाई नेम न सोडता पुढची गोळी झाडू शकतो.

पण आपण हाताळली ती बहुतेक वेळा नंबर १ मार्क ३, १९०७ चा नमुना. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं निघाली ती हीच, आणि पोलिसांच्या खांद्यावर दिसली तीही हीच. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वेच्या पोलिसांनी अतिरेक्यांवर गोळी झाडली ती याच घराण्यातल्या रायफलीतून. नंबर ४ ही तिची धाकटी बहीण. ओळखायची खूण सोपी आहे. नंबर १ चं तोंड बोथट, नळीच्या टोकापर्यंत लाकूड आणि लोखंडी टोपण. नंबर ४ ची नळी टोपणातून बोटभर बाहेर आलेली. नंबर १ चा मागचा साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नळीवर पुढे, खाच असलेला. नंबर ४ चा अगदी मागे, डोळ्याजवळ, भोकाचा. भोकातून पाहिलं की डोळा आपोआप मध्य शोधतो आणि माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा पुढचा साइट, त्या मध्यावर बसवणं नवशिक्यालाही जमतं. नळी जाड केलेली आणि बॉडी, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो तो पोलादी भाग, जास्त भक्कम. हे बदल एनफिल्डच्या सरकारी कारखान्यानं १९३० च्या सुमारास चाचणीच्या रायफली काढून पारखून घेतले होते. नमुना १९३९ मध्ये मंजूर झाला आणि मोठं उत्पादन १९४१ मध्ये लागलं: फझाकर्ली आणि मॉल्टबीचे सरकारी कारखाने, बर्मिंगहॅमजवळ शर्लीला बीएसए कंपनी, कॅनडात लाँग ब्रँच आणि अमेरिकेत सॅव्हेज.

मूळ यंत्रणा जेम्स पॅरिस ली या गृहस्थाची. स्कॉटलंडात जन्म, कॅनडात वाढ, आणि शिक्षण घड्याळजीचं. त्याच्या बोल्टमध्ये कुलूप लावणारे कान मागच्या टोकाला आहेत. जर्मन माउझरमध्ये ते पुढे, काडतुसाच्या अगदी पाठीशी असतात. कागदावर माउझरची रचना ताठर, म्हणून नेमाला चांगली. लीची रचना गोळी सुटताना किंचित लवते. यामुळे ली-एनफिल्ड स्नायपरसाठी चालायची नाही असं कुणालाही वाटेल. पण इंग्लंडमधल्या बिस्लीच्या मैदानावरच्या लांब पल्ल्याच्या नेमबाजांना एक गोष्ट आधीपासून ठाऊक होती: या लवण्यामुळे नळीचं टोक ज्या लयीत हलतं, तिच्यात कमी वेगानं निघालेली गोळी थोडी वरच्या कोनात सुटते आणि जास्त वेगाची थोडी खालच्या. लांबवर दोन्ही जवळजवळ एकाच उंचीवर पोचतात.

पेच

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी स्नायपिंगचा धडा फार महाग घेतला होता. खंदकातून डोकं वर आलं की जर्मन गोळी यायची. १९१६ मध्ये फ्रान्समध्ये स्नायपिंगची खास शाळा निघाली, स्कॉटलंडच्या हरणांच्या डोंगरांत वाढलेले शिकारी माग काढणं शिकवू लागले. युद्ध संपलं आणि हे सगळं मोडीत निघालं. शाळा बंद, रायफली भांडारात, शिकवणारे आपापल्या गावी. दुसरं युद्ध सुरू झालं तेव्हा हाताशी होती ती मुख्यतः पॅटर्न १४, १९१८ च्या दुर्बिणीसह. रायफल चांगली होती, पण तिचं उत्पादन केव्हाच थांबलेलं आणि संख्या तुटपुंजी. त्यात १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या डंकर्कहून सैन्य परतलं ते बहुतेक अवजड सामान तिकडेच टाकून.

नवी स्नायपर रायफल आखायला वेळ नव्हता, साध्या रायफलीच पुरत नव्हत्या. कारखान्यांना वेगळी ओळ लावायला सांगणं म्हणजे रोजच्या उत्पादनाला खीळ. दुर्बिणींचंही तेच. चांगल्या भिंगांचं काम करणाऱ्या मोजक्या कंपन्या, आणि त्यांच्या दारात तोफखाना, विमानदल, आरमार सगळे रांगेत.

या अडचणीतून बाहेर काढलं ते दोन जुन्या कामांनी. पहिलं, नंबर ४ ची तिसाव्या दशकातली चाचणीची रायफल. तशा बऱ्याच रायफली भांडारात पडून होत्या आणि त्या सावकाश, काळजीनं केलेल्या होत्या. त्यांतल्या सुमारे १,४०० एनफिल्डच्या कारखान्यानंच १९४०-४१ मध्ये स्नायपर केल्या. दुसरं, ब्रेन मशीनगनसाठी युद्धाआधी आखलेली नंबर ३२ ची दुर्बीण. सुरुवातीच्या ब्रेनच्या बॉडीवर डाव्या बाजूला दुर्बीण बसवायची खाच तुम्हाला आजही दिसेल. ब्रेनवर दुर्बीण काही रुळली नाही, पण आराखडा तयार होता, आणि ती दणकट होती.

मशीनगनची दुर्बीण

नंबर ३२ हातात घेतली की पहिल्यांदा तिचं वजन कळतं. कंसासह, म्हणजे तिला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीसह, साधारण किलोभर. मोठी करून दाखवते फक्त तिप्पट. आजच्या मुलाला हे फारच कमी वाटेल, पण उजेड चांगला येतो आणि दिसणारा परिसर रुंद असतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे स्नायपरचं काम चालतं त्या वेळी, हे दोन गुण जास्त मोलाचे. आत खालून वर आलेला एक टोकदार खांब आणि एक आडवी तार. खांबाच्या टोकावर लक्ष्य ठेवायचं.

वरच्या ढोलावर, म्हणजे हातानं फिरवायच्या गोल बटणावर, पल्ला लावायचा, हजार यार्डांपर्यंत. बाजूच्या ढोलावर वाऱ्याची दुरुस्ती, डावी-उजवीकडे १६ मिनिटं. मिनिट म्हणजे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग, आणि शंभर यार्डांवर त्याचं अंतर होतं साधारण एक इंच.

मशीनगनची दुर्बीण रायफलीवर का खटकते, ते या ढोलांत आहे. मार्क १ मध्ये पल्ल्याचा ढोल पन्नास-पन्नास यार्डांच्या टप्प्यानं फिरायचा आणि बाजूचा ढोल दोन-दोन मिनिटांच्या. ब्रेन एका क्षणात अनेक गोळ्या पसरवते, तिला दोन मिनिटं म्हणजे काहीच नाहीत. स्नायपरला मात्र चारशे यार्डांवर एका टिचकीनं गोळी सव्वाआठ इंच सरकते, म्हणजे वीतभर. माणसाचं डोकंही तेवढं रुंद नसतं. पहिली टिचकी इकडे चुकते, दुसरी तिकडे, आणि मधलं बरोबर ठिकाण ढोलात नसतंच. टूलरूमच्या भाषेत सांगायचं तर मायक्रोमीटरवर फक्त पाच-पाच शतांशाच्या रेघा आहेत आणि तुम्हाला शतांशाचं माप घ्यायचं आहे.

१९४३ मध्ये मार्क २ आला, दोन्ही ढोल एक-एक मिनिटाचे. १९४४ मध्ये मार्क ३, आतली रचना सुटसुटीत केलेली. तिच्यात ढोलाचा शून्य लावणंही सोपं झालं. आधीच्या दोन्हींत ते काम एकट्या माणसाला खास हत्यार घेऊनही जिकिरीचं व्हायचं. या दुर्बिणीवर मी जितकं वाचलं त्यावरून माझं मत असं की मार्क १ घाईत उचलली हे बरोबरच होतं. थांबून परिपूर्ण दुर्बीण केली असती तर १९४२ आणि ४३ मधल्या सैनिकांच्या हातात काहीच आलं नसतं. चुकलं ते पुढचं: टप्पे बारीक करायला इतका वेळ लागायला नको होता. ढोलाच्या दात्यांची संख्या बदलणं हे भिंग बदलण्याइतकं अवघड काम नाही.

निवड

रायफल कारखान्यात जुळून झाली की तिची चाचणी गोळीबारानं व्हायची. प्रत्येक रायफलीचा नेम जवळच्या पल्ल्यावर पाहायचे. त्यांत ज्या मुळातच नेटक्या मारतात त्या बाजूला काढायच्या, आणि त्याच पुढे हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवायच्या. सर्वांत जास्त आल्या बीएसएच्या शर्लीतल्या कारखान्यातून. तिथल्या रायफलीवर 'एम ४७ सी' हा संकेत असतो आणि दुर्बिणीसाठी वेगळ्या काढलेल्यांवर 'टीआर' ठोकलेलं असतं.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त भावतो तो हा भाग. एकाच आराखड्याच्या, एकाच मशीनवर, एकाच पाळीत केलेल्या वस्तूही सारख्या निघत नाहीत. आम्ही बेअरिंगचे भाग असेच करायचो: खोबणी मोजायची, गोळ्या मोजायच्या, आणि जुळतील तशा जोड्या लावायच्या. सगळ्या भागांना एकाच कडक मापात आणायला गेलं तर निम्मा माल भंगारात जातो. मोजून जुळवलं तर तोच माल कडक मापाचं काम देतो. नंबर ४ मध्ये ही रीत आधीपासून मुरलेली होती. तिच्या बोल्टचं तोंड वेगळं निघतं आणि ते ०, १, २, ३ अशा चार लांबींत मिळतं, एकमेकांत फरक इंचाच्या काही हजारांश भागांचा. काडतुसामागची जागा जास्त निघाली तर मोठ्या नंबरचं तोंड लावा, बस्स.

मग नळीखालचं लाकूड. नंबर ४ ची नळी पुढच्या लाकडावर टोकापाशी टेकते आणि तो टेकू वरच्या दिशेनं २ ते ७ पौंडांचा दाब देणारा हवा. दाब कमी पडला की गोळ्या पसरतात, जास्त झाला की नळी तापताच नेम वर जायला लागतो. लाकूड फुगतं, आकसतं. पावसाळ्यात आपल्या घराचं दार चौकटीत अडतं तोच प्रकार. त्यातून मार्क १ रायफलीचा चाप बॉडीला न टांगता खालच्या लोखंडी संरक्षकाला टांगलेला होता. मध्ये लाकूड आलं. लाकूड हललं की चापाचा ताणही बदलायचा. युद्धानंतरच्या मार्क २ रायफलीत चाप थेट बॉडीला टांगला आणि हा दोष गेला. स्नायपरच्या रायफलीत हा दोष इतकी वर्षं राहू दिला याची मला खरंच हळहळ वाटते, कारण निवडीत आणि फिटिंगमध्ये मिळवलेलं सगळं एका दमट रात्रीत बिघडू शकत होतं. शस्त्रागारातला आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, लाकडावर सतत लक्ष ठेवायचा, एवढाच त्यावर उतारा.

बाकावर

हॅरो रोडवर रायफल आली की तिच्या बॉडीच्या डाव्या अंगाला दोन पोलादी आधार बसवायचे, एक पुढे आणि एक मागे. स्क्रूनं आवळायचे आणि डाग भरून पक्के करायचे. ते बसवणं म्हणजे सगळ्या कामाचा गाभा. दुर्बिणीचा कंस त्या दोन आधारांवर दोन मोठ्या, हातानं फिरवायच्या स्क्रूंनी आवळला जातो. आधारांची तोंडं एका रेषेत आणि नळीशी समांतर नसतील तर दुर्बीण नळीपेक्षा वेगळीकडे पाहणार.

ते वेगळं पाहणं ढोलानं सुधारता येतं असं वाटेल. थोडंसं येतं, पण त्या काळच्या दुर्बिणीत खांब सरकवला की तो डोळ्यासमोरच्या वर्तुळातही मध्य सोडून बाजूला जातो. १६ मिनिटांतली दहा मिनिटं नुसती जुळवणीची चूक झाकण्यात गेली तर वाऱ्यासाठी उरली सहा. म्हणून आधार आणि कंस एकमेकांत घासून बसवावे लागत. आमच्याकडे अशा वेळी एका तोंडाला निळा रंग लावतात, दुसरं त्यावर टेकवून उचलतात, आणि निळं उठलं असेल तेवढाच उंचवटा घासतात. पुन्हा रंग, पुन्हा टेकवणं. हे काम घड्याळ पाहून होत नाही. शिकारी रायफलींच्या कारागिरांकडे हे सोपवण्यामागे हाच विचार असणार असं मला वाटतं: मशीन त्यांच्याकडे कमी होती, पण टेकू हाताला कळत होता.

बटावर लाकडी उशी दोन स्क्रूंनी बसवायची, कारण दुर्बीण नळीच्या बरीच वर येते आणि गाल टेकल्याशिवाय डोळा तिच्या रेषेत येत नाही. मागच्या साइटचं जवळच्या पल्ल्याचं भोक घासून काढायचं, नाहीतर ते कंसाला अडतं. उरलेला साइट राहू द्यायचा, म्हणजे दुर्बीण फुटली तरी शिपाई निरुपयोगी होत नाही.

दुर्बीण नळीच्या बरोबर वर आल्यामुळे एक सोय गेली. साध्या नंबर ४ मध्ये पाच काडतुसांची पट्टी वरून दाबून एकदम भरता येते. इथे एकेक काडतूस हातानं. पहिल्या महायुद्धात ही सोय राखायची म्हणून दुर्बीण डावीकडे सरकवून बसवली होती, तर खंदकातल्या अरुंद भोकातून नळी बाहेर आणि दुर्बीण भिंतीसमोर अशी गत व्हायची. यावेळी ती चूक टाळली. स्नायपरला पाच गोळ्या पटापट झाडायच्या नसतातच.

मग स्वीकृतीचा गोळीबार. दोनशे यार्डांवर सातपैकी सात गोळ्या पाच इंचांच्या वर्तुळात आणि चारशे यार्डांवर सातपैकी सहा दहा इंचांच्या. आजच्या स्पर्धेच्या रायफलीपुढे हे माप ढोबळ वाटतं. ते युद्धातल्या सर्वसाधारण मार्क ७ काडतुसानं गाठायचं होतं, १७४ ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅमची) गोळी आणि कॉर्डाइट या दारूच्या काड्या. तीच जात पुण्याच्या खडकीतही बनायची. बुडावर 'के एफ' ठोकलेली थ्री नॉट थ्रीची रिकामी पितळी नळकांडी जगभरच्या संग्राहकांच्या खोक्यांत सापडतात. के एफ म्हणजे खडकीचा, इंग्रजांच्या उच्चारात किर्कीचा, कारखाना.

उत्तीर्ण रायफलीच्या बॉडीच्या डाव्या अंगावर 'टी'. बटाच्या खालच्या कडेला 'एस ५१'. एस म्हणजे देशाच्या दक्षिण भागातला कंत्राटदार, ५१ म्हणजे हॉलंड अँड हॉलंड. कंसावर रायफलीचा नंबर. बटाच्या मनगटावर, म्हणजे अंगठा येतो त्या अरुंद जागी लाकडावर, दुर्बिणीचा नंबर. दुर्बिणीला पोलादी डबा, सगळ्याला मिळून लाकडी पेटी.

कशासाठी

या सगळ्या खटाटोपाचं वजन मला कळतं ते माणगावच्या पुतळ्यापाशी. नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, काडतुसं भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. ठाणं हातात आलं आणि त्याच वेळी शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर.

मशीनगनचं ठाणं एका माणसाच्या धैर्यानं मोडता येतं. लपलेल्या स्नायपरला धैर्यानं मोडता येत नाही, त्याला शोधायला तसाच एक संयमी माणूस आणि तशीच रायफल लागते. त्याच उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या दाट कुंपणांमध्ये ब्रिटिश आणि कॅनेडियन तुकड्यांची हीच मागणी होती. म्हणून नंबर ४ (टी) सोबत वीसपट दाखवणारी लांब सरकती दुर्बीणही दिली जायची. शोधायचं त्या दुर्बिणीनं, मारायचं रायफलीच्या तिप्पटीनं. बहुतेक दिवस नुसतं शोधण्यातच जायचा.

जोडी मोडते तेव्हा

युद्ध संपलं आणि पुन्हा तेच झालं: शाळा आटल्या, रायफली पेट्यांत गेल्या. पुढे बऱ्याच जुन्या सामानात विकल्या गेल्या. पन्नास-साठच्या दशकांत दुर्बीण एकाकडे, रायफल दुसऱ्याकडे, पेटी तिसऱ्याच्या गॅरेजमध्ये हत्यारं ठेवायला, असं सर्रास झालं.

ब्रिटिश लष्करानं स्वतःकडच्या मात्र सांभाळल्या. ७.६२ मिलिमीटरचं काडतूस आलं तेव्हा १९७० च्या सुमारास एनफिल्डनं हजारभर टी रायफली बदलल्या. नवी जाड नळी, पुढचं लाकूड कापून आखूड, मॅगझिन नवं. तिचं नाव एल ४२ ए १. बॉडी तीच, आधार तेच, दुर्बीणही नंबर ३२ मार्क ३ चीच सुधारून घेतलेली. १९८२ च्या युद्धात फॉकलंड बेटांच्या दलदलीत ब्रिटिश स्नायपर जी वापरत होते, तिची बॉडी त्यांच्या वडिलांच्या युद्धातली होती.

भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे आपल्याकडे खाजगी संग्रहाचा प्रश्न सहसा येत नाही. पण परदेशात राहणारे, तिथल्या कायद्यानं परवाना घेऊन अशा वस्तू जपणारे मराठी लोक आहेत आणि त्यांच्यासाठी एवढं लिहितो. टी रायफलीला साध्या नंबर ४ च्या कितीतरी पट किंमत येते आणि दोघींतला फरक म्हणजे दोन आधार, एक उशी आणि चार शिक्के. म्हणून नकली खूप. नवे आधार, नवे कंस, नव्यानं केलेल्या नंबर ३२ सारख्या दुर्बिणी बाजारात सरळ मिळतात. शिक्का कुणालाही ठोकता येतो. त्यामुळे मी शिक्क्यापासून सुरुवात करणार नाही. आधी मागच्या साइटचं भोक घासलंय का ते बघा. मग आधाराच्या कडेला जुनी काळी छटा आणि बॉडीची छटा एकाच वयाची आहे का. मग कंस बसवून पाहा: खरा कंस त्याच रायफलीवर शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात गच्च बसतो, डुलत नाही, खेचून घ्यावा लागत नाही. दुर्बिणीतून पाहा आणि ढोल शून्यावर असताना खांब वर्तुळाच्या मध्यापासून किती दूर आहे ते बघा. फार बाजूला असेल तर या दोघी एकमेकींच्या नाहीत, नंबर काहीही म्हणोत.

मनगटावरचा नंबर सगळ्यांत शेवटी. तिथे कधी कधी एक नंबर आडव्या रेघेनं खोडलेला आणि खाली दुसरा दिसतो. नवा खरेदीदार ते पाहून रायफल परत करतो. त्यात बनवाबनवी असेलच असं नाही. दुर्बीण फुटली, भिंगात बुरशी आली, तर वर्कशॉपचा आर्मरर दुसरी आणायचा, त्याच कंसात बसवून गोळीबारानं पारखायचा, जुना नंबर खोडून नवा ठोकायचा. खोडलेला नंबर म्हणजे कुणीतरी ही जोडी पुन्हा एकदा जुळवली होती. काही मनगटांवर असे तीन नंबर आहेत, दोन खोडलेले आणि तिसरा आजही दुर्बिणीच्या नळीवरच्या नंबराशी जुळणारा.